दिवाळीत तारकर्ली की वाडी?

बी-३०४: दिवाळीत चार दिवस तारकर्लीला जायचं म्हणतोय. कोणाला बरं रिसॉर्ट माहीत आहे का? मागच्या वेळी भाडं दुप्पट आणि स्कूबाच्या रांगेतच अर्धा दिवस गेला 😒

ए-१०१: ताई, मी वाडीचा, म्हणजे सावंतवाडीचा. तेव्हा एकतर्फीच बोलणार. समुद्र एक दिवस बघा, वेंगुर्ला जवळच आहे. मुक्काम सावंतवाडीत करा.

सी-२०२: काका, वाडीत आहे काय पण? गोव्याला जाताना आम्हाला गाव कधी दिसलंच नाही.

ए-१०१: दिसणार कसं? झाराप-पत्रादेवी बायपास झाला, गाड्या बाहेरच्या बाहेर जातात. म्हणून तर निवांत. मधोमध मोती तलाव, समोर राजवाडा. आत दरबार हॉलमध्ये कलाकार गंजिफा रंगवत बसलेले असतात. ही कला संपतच आली होती. वाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी जुने कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून शिकले, म्हणून टिकली.

बी-३०४: गंजिफा म्हणजे ते गोल पत्ते ना? मुलं दहा मिनिटांत कंटाळतील.

ए-१०१: नुसते बघून कंटाळतील. खेळायला बसवा. दशावतारी संच १२० पानांचा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं : राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. त्यात गंमत अशी की निम्म्या अवतारांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का.

सी-२०२: आमच्याकडे रमीतच भांडणं होतात 😂

डी-५०१: वाडीच्या चितारआळीतून लाकडी फळं आणा हो. माझ्या सासूबाईंच्या हळदीकुंकवाच्या ताटातली केळी पाहुणे अजून सोलायला जातात. आणि रेल्वेने जाणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. आम्ही रात्री उतरलो आणि रिक्षा शोधत बसलो. आधी सांगून ठेवा.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. टाकी धुण्याबद्दल अजून कोणीच उत्तर दिलेलं नाही.

बी-३०४: सॉरी सर. रविवार चालेल. काका, दोन रात्री वाडी, एक वेंगुर्ला, असं करते. पत्ते हाताने रंगवलेलेच घेऊ का?

ए-१०१: ते महाग, मुलांच्या हातात देऊ नका. खेळायला साधा संच बघा. नियम मी शिकवतो, शनिवारी गच्चीवर या. दिवसा बसलो तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो पहिली उतारी करणार, रात्री कृष्णाचा.

सी-२०२: मग रात्रीच बसू. दिवसा गच्चीवर ऊन असतं.