सल्ला हवा : लॉ कॉलेजात असतानाच कोर्टाचं प्रत्यक्ष काम कसं शिकावं? (ठाणे / नवी मुंबई)

ऐरोलीकर_एलएलबी
तीन वर्षांच्या कोर्सचं दुसरं वर्ष चालू आहे. सनद मिळाल्यावर ठाणे किंवा बेलापूरच्या कोर्टात काम करायचंय. ड्राफ्टिंगच्या वह्या वर्गात एकमेकांच्या बघून उतरवल्या जातात. खरा सराव कसा करू? नेमकं सांगा.

कोर्टनाका
बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतच सरावाला भरपूर जागा आहे. ड्राफ्टिंगचे १५ आणि कन्व्हेयन्सिंगचे (खरेदीखत, भाडेकरार असे दस्त लिहिण्याचे) १५ सराव, ३ मूट (लटके खटले), एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बसून पाहणं, शिवाय किमान १२ आठवडे इंटर्नशिप. चूक होते ती १५ सराव १५ सुट्या विषयांवर लिहिल्याने. त्यातले निदान सहा एकाच प्रकरणाचे करा. चेक बाऊन्स घ्या : नोटीस, नोटिशीला उत्तर, तक्रार, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपासाचे प्रश्न, लेखी युक्तिवाद.

सुरुवात तारखांच्या तक्त्यापासून. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस. समजा ती ४ मार्चला पोचली. पैसे द्यायचे १५ दिवस १९ ला संपतात, तक्रारीचं कारण २० मार्चला घडतं, तिथून एक महिना, म्हणून कोर्टात तक्रार करायची शेवटची तारीख २० एप्रिल. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. १५ दिवस संपण्याआधी केलेली तक्रार मात्र टिकत नाही, आणि घाईत नेमकं तेच होतं. नोटिशीत चेकची रक्कम आकड्यानिशी स्वतंत्र लिहा, व्याज-खर्च वेगळा. सगळं मिळून एकच रक्कम मागितली तर नोटीसच सदोष ठरू शकते. चेक कंपनीचा असेल तर कंपनीलाही आरोपी करायला हवं, नुसते संचालक चालत नाहीत.

पारसिक_हिल
यात हद्दीचा, म्हणजे तक्रार कोणत्या कोर्टात करायची, हा मुद्दा घालतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक खात्यात भरला असेल तर ज्याला पैसे यायचे त्याचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. वाशीच्या शाखेतलं खातं असेल तर बेलापूर, खारघरचं असेल तर पनवेल. ‘नवी मुंबई’ म्हणून दोन्ही एकत्र धरू नका, पनवेल रायगड जिल्ह्यात येतं.

पक्षकाराशी बोलणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि प्रकरणं तिथेच बिघडतात. तिघं बसा : एक पक्षकार, एक वकील, एक टिपणं घेणारा. वेळ २० मिनिटं. पहिली सहा-सात मिनिटं वकिलाने मध्ये तोंड घालायचं नाही. मग तारखा, मग कागद. पक्षकाराने एक गोष्ट मुद्दाम लपवायची : चेक दिल्यानंतर, तो भरायच्या आधी, काही रक्कम परत मिळाली होती. २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार तेवढी रक्कम चेकवर नोंदवलेली नसेल आणि चेक पूर्ण रकमेचाच भरला असेल तर कलम १३८ (चेक बाऊन्सच्या गुन्ह्याचं कलम) लागत नाही. ‘काही पैसे मिळाले का?’ हा प्रश्न राहिला तर पुढचा सुबक ड्राफ्ट वाया.

ऐरोलीकर_एलएलबी
आभारी आहे. दिवाणी खटला पाहताना काय टिपायचं? आणि मराठीत ड्राफ्ट करू का?

कोर्टनाका
मराठीत करा, नक्की. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), पुरसीस (पक्षकाराने कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), रोजनामा (कोर्टाची तारीखवार नोंद) हे शब्द अंगवळणी पडले पाहिजेत. निशाणी ५ म्हटलं की तात्पुरत्या मनाईचा अर्ज, हे कोणी समजावून सांगत बसत नाही. दाव्यात घटना लिहा, पुरावा नाही (दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर ६, रूल २). सत्यापनात (मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या सही-निवेदनात) कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते दुसऱ्याकडून कळलेले, ते क्रमांकांनी सांगा. फॉर्मच्या पुस्तकातून उचललेलं सत्यापन इथेच पकडलं जातं.

दिवाणीत सरतपास (साक्षीदाराची स्वतःच्या बाजूने होणारी पहिली साक्ष) शपथपत्रावर असतो, म्हणून उलटतपासाच्या तारखेलाच जा. आदल्या दिवशी ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर सीएनआर (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र) क्रमांक टाकून प्रकरणाचा टप्पा बघा. नाहीतर दिवसभर फक्त तारखा पडताना दिसतील. वहीत दोन रकाने करा : प्रश्न, आणि तो कोणत्या मुद्द्यासाठी होता. दुसरा रकाना रिकामा राहिला तर दावा आणि कैफियत पुन्हा वाचा.

पारसिक_हिल
फौजदारीत साक्षीदाराचा पोलिसांपुढचा जबाब (आता बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १८०) आणि कोर्टातली साक्ष शेजारी ठेवून वाचा. विसंगत भाग साक्षीदाराला दाखवून, त्यावर खूण करून, पुढे तपास अधिकाऱ्याकडून शाबीत करून घ्यावा लागतो. हा शेवटचा टप्पा विसरला की आधीचा सगळा उलटतपास निकालात उपयोगी पडत नाही. पाहताना तपास अधिकाऱ्याच्या साक्षीची तारीख चुकवू नका.