संत्र्यावरील हिरवी बुरशी : सुगंधी तेले आणि नैसर्गिक लेप कितपत उपयोगी?

प्रश्न : मोर्शीचा बागायतदार

नमस्कार. मोर्शी तालुक्यात आमची नागपुरी संत्र्याची बाग आहे. पूर्वी आम्ही उभी बागच व्यापाऱ्याला देत असू. परंतु बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून उभ्या बागेला जो भाव मिळू लागला तो पाहता, आंबिया बहाराचा काही माल स्वतः तोडून, प्रतवारी करून पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट पाठवण्यास आम्ही सुरुवात केली आहे. रासायनिक बुरशीनाशक वापरत नाही, असे आम्ही ग्राहकांना सांगतो आणि ते पाळायचेही आहे.

अडचण अशी की, खोक्यात भरताना निर्दोष दिसणाऱ्या फळांपैकी काहींना चार-पाच दिवसांत देठाजवळ किंवा कुशीला मऊ, पाणचट डाग पडतो. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी साय धरते आणि मग मधोमध शेवाळी हिरवी भुकटी दिसू लागते. खोके हलवले की ती भुकटी सगळ्या फळांवर पसरते आणि आतली बाकीची फळे चांगली असूनही ग्राहक सगळेच खोके टाकून देतो.

लवंग, दालचिनी किंवा गवती चहाचे तेल कोरफडीच्या गरात मिसळून फळांवर लावल्यास बुरशी येत नाही, असे वाचनात आले. हे मिश्रण घरच्या घरी करून वापरता येईल काय? संत्र्याच्या सालीचे तेल तर आमच्याकडे फुकटात निघेल; ते चालेल काय? की सरळ मेणाचाच लेप द्यावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : सूक्ष्मजीव, नागपूर

आपण केलेले वर्णन हिरव्या बुरशीचे, म्हणजे पेनिसिलियम डिजिटाटम हिचे आहे. हिरव्या भुकटीभोवती पांढरा पट्टा चांगला रुंद असेल तर तीच समजावी. भुकटी निळसर आणि पट्टा अरुंद असेल तर ती तिची बहीण, पेनिसिलियम इटॅलिकम. हा फरक पाहून ठेवणे उपयोगाचे आहे, कारण निळी बुरशी थंडीत अधिक तग धरते आणि खोक्यात एका फळावरून लगतच्या फळात शिरते. हिरवीचे बीजाणू शेजारच्या फळांवर पडतात खरे, पण त्या फळांची साल अखंड असेल तर ती सहसा कुजत नाहीत. डाग पाणचटच राहिला, भुकटी धरलीच नाही आणि आंबट वास येऊन चिलटे घोंगावू लागली, तर तो तिसराच रोग आहे. पावसाळ्याच्या अखेरीस जमिनीलगतच्या फळांना येणारी तपकिरी कुज ही बागेतूनच येते आणि वरून लावलेल्या कोणत्याही तेलाला ती जुमानत नाही.

हिरव्या बुरशीचे सगळे मर्म एका गोष्टीत आहे : ती जखमेतूनच आत जाते. नखाचा ओरखडा, काट्याची टोच, कॅरेटच्या कडेचा घास, देठ ओढताना फाटलेली साल, यांपैकी काहीही तिला पुरते. पंचवीस अंशांच्या आसपासच्या तापमानात जखमेतला बीजाणू लवकर रुजतो आणि दोन दिवसांत तो सालीत इतका खोल गेलेला असतो की वरून लावलेले काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्या फळांवर चौथ्या-पाचव्या दिवशी दिसणारा डाग तोडणीच्या दिवशीच पेरला गेलेला आहे.

आता सुगंधी तेलांविषयी. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड आणि गवती चहातील सिट्रल ही चारही द्रव्ये बुरशीच्या पेशीचे आवरण बिघडवतात, आणि प्रयोगशाळेतील बशीत त्यांचा परिणाम खरोखर डोळ्यांत भरण्याजोगा असतो. परंतु ती बशी झाकलेली असते, तेलाची वाफ आत कोंडलेली असते आणि बुरशी उघड्यावर वाढत असते. फळाच्या बाबतीत यातले काहीच खरे नसते : तेल काही तासांत उडू लागते, बुरशी जखमेच्या तळाशी बसलेली असते आणि सालीवरच्या नैसर्गिक मेणात तेलाचा बराचसा भाग मुरून जातो. म्हणून बशीत जे प्रमाण पुरते त्याच्या कित्येक पट प्रमाण फळावर लागते, आणि तिथेच दुसरे संकट उभे राहते. तेवढे तेल सालच जाळते.

याचे उदाहरण आपल्या बागेतच आहे. दव वाळण्यापूर्वी, साल ताठ असताना फळ तोडले आणि ते जरा दाबले गेले, तर सालीतील तेलाच्या ग्रंथी फुटतात, आणि जिथे ते तेल पसरते तिथे दोन-तीन दिवसांत तपकिरी, दबलेला चट्टा पडतो. संत्र्याचे स्वतःचे तेल जर संत्र्याला भाजत असेल, तर लवंगेचे तेल निव्वळ चोळल्यावर काय होईल, हे निराळे सांगायला नको. सालीच्या फुकट तेलाचा मोह तर सोडूनच द्यावा. त्यात मुख्यत्वे लिमोनीन असते, आणि जखमी सालीतून येणाऱ्या लिमोनीनसारख्या वाफांनी या बुरशीचे बीजाणू उलट जोमाने रुजतात, असे संशोधनात दिसून आले आहे. लिंबूवर्गीय फळांवरच जगणारी बुरशी आहे ती. त्या वासावरूनच तिला जखम कळते.

प्रश्न : मोर्शीचा बागायतदार

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे, ताई. म्हणजे तेलांचा नाद सोडून द्यावा, असे समजायचे काय? बाजारात तर “वनस्पतिजन्य बुरशीरोधक” म्हणून बाटल्या मिळतात. आणि लेपाचे काय?

उत्तर २ : पॅकहाऊसमधील माणूस, काटोल

तेलाबद्दल ताईंनी लिहिले ते योग्यच आहे. मी लेपाबद्दल आणि त्याआधीच्या कामाबद्दल लिहितो, कारण लेप हे शेवटचे पाऊल आहे आणि बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात.

पहिली गोष्ट तोडणीची. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते. फळ पिरगाळून ओढले की देठाशी सालीचा बारीक तुकडा निघून येतो, आणि तुम्ही म्हणता तो देठाजवळचा डाग बहुधा तिथलाच. तोडणीला कात्री वापरा, देठ बोंडाशी अगदी सपाट कापा, कारण अर्धा सेंटिमीटर उरलेला देठ कॅरेटमध्ये शेजारच्या फळाला भोसकतो. मजुरांना नगावर मजुरी असेल तर हे होणार नाही, ती रोजाने द्या. कॅरेटच्या तळाशी कागद किंवा जुने कापड घाला, आणि कुजलेली फळे शेडच्या जवळ अजिबात फेकू नका. एका फळावर अब्जावधी बीजाणू असतात आणि वाऱ्याची एक झुळूक त्यांना पुरते.

दुसरी गोष्ट खाण्याचा सोडा. तो ना लवंगेसारखा सुवासिक, ना कोरफडीसारखा लोकप्रिय, म्हणून त्याचे कोणी नाव घेत नाही. परंतु रसायनांशिवाय हिरव्या बुरशीवर काम करायचे असेल तर माझी पहिली पसंती त्यालाच राहील. शंभर लिटर पाण्यात तीन किलो सोडा, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण, त्यात तोडणीपासून चोवीस तासांच्या आत फळे दोन-तीन मिनिटे बुडवायची. द्रावण चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत कोमट असेल तर गुण अधिक येतो. सोडा बीजाणूला मारत नाही, तो जखमेत साठून त्याचे रुजणे रोखून धरतो, आणि त्यामुळेच पुढे नव्याने झालेल्या जखमेला त्याचे संरक्षण मिळत नाही. नंतर साध्या पाण्याचा हलका फवारा द्यावा, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि फळाचे वजनही लवकर घटते. फार जोराने धुतले तर जखमेतला सोडाही निघून जातो, एवढे भान ठेवावे.

आता लेप. लेपाचे खरे काम बुरशी रोखणे नसून पाणी अडवणे आहे. आपले संत्रे उघड्यावर आठवडा-दहा दिवसांत सुरकुतते. मेणाने ते ताजे आणि तुकतुकीत राहते. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडाच्या पानांवरचे मेण; ते पाणी चांगले अडवते आणि हवा बऱ्यापैकी जाऊ देते. लाखेचा, म्हणजे शेलॅकचा लेप आपल्या देशात तयार होतो, चकाकी त्याचीच सर्वांत जास्त, पण तो फळाचा श्वास कोंडतो. संत्रावर्गीय फळे याबाबतीत मोसंबीपेक्षा नाजूक असतात : जाड लेप दिलेले फळ गरम ट्रकमध्ये दोन दिवस राहिले की आत इथेनॉल साठते आणि फोडीला आंबूस, दारूसारखी चव येते. बाहेरून फळ आरशासारखे चमकते आणि ग्राहक एक फोड खाऊन उरलेले ठेवून देतो. शिवाय शीतगृहातून बाहेर काढलेल्या फळावर दव धरते तेव्हा शेलॅक पांढुरके पडते. म्हणून संत्र्याला कार्नोबाचा पातळ लेपच बरा. फळ पूर्ण कोरडे करून, मऊ ब्रशवर किंवा फवाऱ्याने द्यावा आणि पंख्याखाली नीट वाळवावा. ओल्या सालीवर दिलेला लेप चिकट राहतो.

कोरफडीच्या गराबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. गर म्हणजे बहुतांशी पाणी. तो पाण्याची वाफ विशेष अडवत नाही, ताजा गर एक-दोन दिवसांत स्वतःच आंबतो, आणि नीट गाळला नाही तर साल चिकट होऊन धूळ धरते.

उत्तर ३ : अन्नप्रक्रिया, पुणे

दोन मुद्द्यांची भर घालते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांवर मधमाशांचे मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक मेण यांच्या लेपाला मुभा आहे, आणि लेप दिला असल्यास वेष्टनावर त्या मेणाचे नाव लिहावे लागते. “नैसर्गिक आहे, मग सांगायचे कशाला” हा युक्तिवाद तिथे चालत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र घेतले असेल किंवा घेणार असाल, तर सोडा आणि मेण दोन्हींविषयी प्रमाणन संस्थेला आधीच विचारून घ्यावे.

कायटोसानचा उल्लेख अजून कोणी केला नाही. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून ते तयार होते, सौम्य आम्लात विरघळते, आणि लेपाच्या द्रव्यांपैकी स्वतः बुरशीविरोधी गुण असलेले असे ते एक द्रव्य आहे. त्याच्या संपर्काने फळाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते. पाणी अडवण्यात मात्र ते कमी पडते. आणि आपला ग्राहक पाहता अडचण निराळीच आहे : उपवासाला संत्रे खाणाऱ्या घराला त्यावर कोळंबीच्या कवचाचा लेप आहे, हे सांगण्याची तयारी हवी. न सांगता विकणे तर मुळीच योग्य नाही, कारण कवचधारी प्राण्यांची ॲलर्जी असणारी माणसेही असतात.

तेलांचा नाद सोडावा काय, हे आपण विचारले आहे. सोडू नये, जागा बदलावी. तेल लेपाच्या आत, बारीक थेंबांच्या रूपाने कोंडले तर ते हळूहळू बाहेर येते आणि सालही सहसा भाजत नाही. युरोपीय संघाने २०१३ साली युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल या तिन्हींना पीकसंरक्षणासाठी मान्यता दिली, आणि द्राक्षावरील करड्या बुरशीसाठी तिथे जे उत्पादन आले त्यात ही तिन्ही द्रव्ये यीस्टच्या पेशींच्या रिकाम्या कवचात भरलेली असतात. ती योजना आहे ती वाफ आवरण्यासाठीच. घरी पाण्यात चार थेंब टाकून ढवळले तर तेल वर तरंगते; पहिल्या फळांना सगळे तेल लागते आणि शेवटच्यांना नुसते पाणी. बाजारातील बाटली घेणार असाल तर त्यावर घटक, त्यांचे प्रमाण आणि फळांसाठीची परवानगी छापलेली आहे काय, एवढे पाहावे. नुसते “वनस्पतिजन्य” म्हणजे काहीच नव्हे. आणि वासाचा विचार करावा : लवंगेचा किंवा ओव्याचा वास सालीला दिवसचे दिवस राहतो, आणि संत्रे सोलल्यावर आधी मसाल्याचा डबा आठवला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मागवत नाही.

उत्तर ४ : सूक्ष्मजीव, नागपूर

तेलयुक्त लेप वापरून पाहायचाच असेल तर तो आपल्याच फळांवर, पण पद्धतशीर पाहावा. निरोगी फळांना स्वच्छ खिळ्याने दोन मिलिमीटर खोल टोच द्यावी, कुजलेल्या फळावरची थोडी भुकटी पाण्यात कालवून तो थेंब प्रत्येक टोचेवर ठेवावा आणि काही तासांनी फळांचे चार गट करावेत : एकाला नुसते पाणी, एकाला सोडा, एकाला तेल न घातलेला लेप आणि एकाला तेलासह लेप. तिसरा गट बहुतेक जण विसरतात, आणि मग लेपाने झालेला फायदा तेलाच्या नावावर जमा होतो. हे काम मालाच्या शेडपासून दूर करावे आणि नंतर फळे खोल पुरावीत. फळे मोकळ्या टेबलावर नव्हे, आपण ज्या खोक्यात माल पाठवता त्याच खोक्यात ठेवावीत, आणि शेवटी न टोचलेली, पण तोच लेप दिलेली काही फळे चाखूनही पाहावीत.

प्रश्न : मोर्शीचा बागायतदार

सर्वांचे आभार. कात्री आणि सोडा या हंगामातच सुरू करतो, तेलाची चाचणी मृग बहाराच्या थोड्या फळांवर घेईन. एक शेवटची शंका : काही माल भाव येईपर्यंत शीतगृहात ठेवायचा आहे. लेप आधी द्यावा की बाहेर काढल्यावर?

उत्तर ५ : पॅकहाऊसमधील माणूस, काटोल

सोडा तोडणीच्या दिवशीच, लेप पातळ हवा आणि ठेवण्याआधी द्यावा, कारण शीतगृहातही पाणी उडतच असते. तापमान सहा-सात अंश आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर हवी. याहून खाली नेले तर सालीला थंडीचे डाग पडतात, आणि तिथला चालक इतर मालासाठी खोली दोन-तीन अंशांवर चालवत असेल तर तुमचे संत्रे त्या खोलीत ठेवू नका. नीट राखलेला माल साधारण दीड महिना टिकतो. काढताना फळे एकदम उन्हात आणू नका, सावलीत कोमट होऊ द्या आणि दव पूर्ण वाळल्यावरच प्रतवारीला घ्या. ओल्या फळांचे खोके बंद केले की उरलेसुरले बीजाणू तिथेच रुजतात.