युजनेटवरच्या जुन्या मराठी पोस्ट देवनागरीत आणायच्यात, मदत हवी आहे

मंडळी, युजनेटच्या (इंटरनेटवरची चर्चागटांची जुनी व्यवस्था) सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी या ग्रुपवरच्या नव्वदच्या दशकातल्या पोस्टची एमबॉक्स फाइल (सगळे संदेश एकत्र साठवलेली एकच फाइल) माझ्याकडे आहे. तेव्हा बऱ्याच जणांकडे देवनागरीची सोय नव्हती म्हणून लोक रोमनमध्येच लिहायचे, काहीजण आयट्रान्स ही रोमनमध्ये भारतीय भाषा लिहायची ठरलेली पद्धत पाळून, म्हणजे कॅपिटल एल लिहिला की ळ आणि कॅपिटल एन लिहिला की ण, इतक्या चिकाटीने मराठी लिहिलंय की ते वाचण्याजोगं राहायलाच हवं.

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये पोस्ट नीट उघडतात. अक्षरमुख या लिपी बदलून देणाऱ्या टूलमध्ये टाकल्यावर आयट्रान्सवाल्या ओळी छान येतात, पण मधली इंग्रजी वाक्यं, सह्या, ईमेल पत्ते सगळंच देवनागरी होतं, आणि ज्यांनी मनाला येईल तसं स्पेलिंग केलंय तिथे न-ण, ल-ळ ची पार खिचडी. गूगल ग्रुप्स सुचवू नका प्लीज, तिथे जुन्या पोस्ट दिसतात (नवीन युजनेट पोस्ट फेब्रुवारी २०२४ पासून बंद) पण मला ऑफलाइनच काम करायचंय. विंडोज आहे, पायथन कामापुरतं येतं, मूळ रोमन मजकूर शेजारी तसाच ठेवणार आहे.

तर रोमनमधली मराठी ओळ कुठली आणि इंग्रजी कुठली हे ओळीओळीने वेगळं कसं करायचं, कुणी केलंय का असं?