इराण-इराक युद्धातील अमेरिका: धोरण की धरसोड?

मूळ मांडणी
सप्टेंबर १९८० मध्ये इराकने इराणवर आक्रमण केले तेव्हा ५२ अमेरिकी नागरिक तेहरानमध्ये ओलीस होते. त्यामुळे वॉशिंग्टनला इराणचा पुळका येण्याचे कारण नव्हते. पण सद्दाम हुसेन यांचा इराकही मुख्यतः सोव्हिएत शस्त्रांवर लढत होता. दोघांपैकी कोणीही निर्णायक जिंकू नये, हेच अमेरिकेचे धोरण होते, असे माझे मत आहे. म्हणूनच १९८२ मध्ये इराणची सरशी होऊ लागताच इराकचे पारडे सावरले गेले: दहशतवादाच्या पाठीराख्यांच्या यादीतून त्याचे नाव निघाले, डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचे दूत डोनाल्ड रम्सफेल्ड बगदादला जाऊन सद्दाम यांना भेटले आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये राजनैतिक संबंध पूर्ववत झाले.

प्रतिसाद १
असहमत. इराणने फेब्रुवारी १९८६ मध्ये इराकचे फाव बंदर जिंकले आणि नेमक्या त्याच महिन्यात अमेरिकेची रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे इराणला पोहोचत होती. वरचढ ठरणाऱ्यालाच शस्त्रे देणे हा कुठला समतोल? लेबनॉनमध्ये इराणधार्जिण्या गटांनी धरलेले अमेरिकी ओलीस सोडवायचे आणि मिळालेला पैसा निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांकडे वळवायचा, एवढाच तो व्यवहार होता. परराष्ट्रमंत्री शुल्ट्झ आणि संरक्षणमंत्री वाईनबर्गर यांचा त्याला विरोध होता. शिवाय इतर देशांनी इराणला शस्त्रे विकू नयेत म्हणून शुल्ट्झ यांचेच खाते जगभर गळ घालत फिरत होते. याला धरसोड म्हणतात.

मूळ लेखक
तो व्यवहार नेहमीच्या यंत्रणेला चुकवून करावा लागला, यातच तो धोरणाविरुद्ध होता हे आले. नोव्हेंबर १९८६ मध्ये बिंग फुटल्यावर अमेरिका पुन्हा मूळ मार्गावर आली आणि १९८७ मध्ये इराकच्या पाठीशी असलेल्या, म्हणून इराणच्या हल्ल्यांचे लक्ष्य ठरलेल्या कुवेतच्या ११ तेलवाहू जहाजांवर आपला झेंडा लावून नौदलाचे संरक्षण दिले.

प्रतिसाद २
या मार्गाला समतोल म्हणणे धाडसाचे आहे. मे १९८७ मध्ये इराकी विमानाच्या क्षेपणास्त्रांनी ‘स्टार्क’ या युद्धनौकेवरचे ३७ अमेरिकी नौसैनिक मारले, तरी रेगन यांनी खलनायक ठरवले ते इराणला. मार्च १९८४ मध्ये इराकच्या रासायनिक अस्त्रांचा निषेध करणाऱ्या अमेरिकेने त्याच वर्षी त्याच राजवटीशी संबंध जोडले; पुढे मार्च १९८८ मध्ये इराकने आपल्याच हलबजा शहरातील कुर्दांवर विषारी वायू सोडला, तेव्हाही ते तुटले नाहीत. जुलैमध्ये ‘विन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडून २९० जणांचा बळी घेतला. सद्दाम हरू नयेत, एवढीच एक गोष्ट अमेरिकेने शेवटपर्यंत सांभाळली; ते जिंकू नयेत यासाठी तिने काय केले, हे मूळ लेखकांनी दाखवून द्यावे.