‘अनुमान’ अवैध असतं की ‘निष्कर्ष’?

शब्दवेडी
अकरावीच्या तर्कशास्त्राची सरावपुस्तिका मराठीत करतेय. त्यात एक उदाहरण आहे: ‘प्रत्येक वाघ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतो. हा प्राणी अनुसूची १ मध्ये येतो. म्हणून हा वाघ आहे.’ चूक उघड आहे, माळढोकसुद्धा त्याच अनुसूचीत आहे. मी लिहिलं, ‘हे अनुमान अवैध आहे.’ तपासणाऱ्या बाईंनी ‘अनुमान’ खोडलं. म्हणाल्या, अनुमान म्हणजे अंदाज, तो चुकेल, अवैध कसा होईल? ‘निष्कर्ष’ लिहू का?

जुने मास्तर
ताई, मुळीच नको. निष्कर्ष म्हणजे शेवटचं विधान. आधारविधानांवरून तिथवर पोचायची वाट ते अनुमान. विधान खरं किंवा खोटं असतं, वाट वैध किंवा अवैध. समोर खरोखरच वाघ उभा असला तरी तुमच्या उदाहरणातलं अनुमान अवैधच! एवढं पटवायला माझे दोन तास जायचे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं अनुमान. त्याला अंदाज कोण म्हणेल?

बोरीबाभळी
सर, पुस्तकात ठीक. ‘माझं अनुमान असं की तो येणार नाही’ यात अंदाजच असतो. अर्थ बोलणारे ठरवतात.

मायबोलीकर
ही हिंदीची लागण आहे. तिकडे अनुमान म्हणजे अंदाज.

बोरीबाभळी
आणि ‘अंदाज’ कुठला? फारसीच ना?

मचाण
मी चंद्रपूरकडचा. २०२२ च्या ‘व्याघ्रगणनेत’ देशात ३,६८२ वाघ निघाले म्हणतात. ते एकेक करून मोजलेले नाहीत. कॅमेऱ्यात आलेल्या वाघांवरून सांख्यिकीने काढलेला तो सरासरी अंदाज आहे, किमान आकडा ३,१६७. मग ‘गणना’ का म्हणायचं? बुद्धपौर्णिमेला आम्ही पाणवठ्यावर बसायचो, तीही प्राणीगणनाच. आता त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतात, ते बरं केलं. एका वर्षी रात्रभर जागून कागदावर सांबरं, रानडुकरं आणि एक अस्वल. वाघ नाही. ‘इथे वाघ नाही’ असं लिहायच्या बेतात होतो. उजाडल्यावर उतरलो तर पंधरा पावलांवर चिखलात पगमार्क, आणि त्यात पाणी अजून झिरपत होतं.

जुने मास्तर
वा! ‘दिसला नाही’वरून थेट ‘नाही’. ताई, पुस्तिकेत हे घ्याच.

शब्दवेडी
घेते. पण खोडलेल्या जागी काय लिहू?

मायबोलीकर
आधी ‘पगमार्क’ काढा. अर्धा हिंदी, अर्धा इंग्रजी. ‘ठसा’ म्हणा.

मचाण
आमच्याकडचे वनरक्षक ‘माग’ म्हणतात.

मायबोलीकर
मग तेच लिहा की.

मचाण
नाही हो. ठसा एकच असतो. पुढचा, त्याच्या पुढचा सापडत गेला की तो माग. त्या दिवशी मला एकच सापडला होता, पुढे सगळा खडक.