'सांगण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्या मित्राबद्दल

आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलेले हुद्दे, मुलांची लग्नं, परदेशातली घरं वाचली. छान वाटलं, खरंच. पण आपल्या १९८९ च्या कराडच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या बॅचमधल्या एकाने 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही' एवढंच लिहून हात जोडलेत. ते काही मला पटलं नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हा आपला मित्र आठवड्याभरात तिकडे पोचला आणि पुनर्वसनाच्या कामात चार वर्षं राहिला. मी एकदा जाऊन आलोय. एका अर्धवट पडलेल्या घरासमोर त्याने मला उभं केलं. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत, वर मातीचं जड माळवद, म्हणजे सपाट छप्पर. भिंतीत हात घालून दाखवलं त्याने: आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. "एवढा एक दगड असता रे," म्हणाला आणि बराच वेळ बोलला नाही.

त्याच्या खिशात एक वही असायची. घराच्या मोजमापाशेजारी घरातली किती माणसं उरली, तेही लिहिलेलं. आपण शिकलो तो स्ट्रक्चर्सचा, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीचा विषय त्याच्याइतका कुणाच्या कामी आला असेल असं मला वाटत नाही.

मित्रा, कराडला प्रीतिसंगमावर भेटायचं ठरतंय ना, तेव्हा ती वही घेऊन ये. आम्हाला ऐकायचंय.