प्रतिसाद: आधी इमारत की आधी माणसं?
वर कुणीतरी म्हटलंय की गरीब वस्तीत आधी चांगली इमारत नि डिग्रीवाले शिक्षक हवेत, मगच बालशिक्षण. मला नाही पटत. जमैकात १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या वाढ खुंटलेल्या लहानग्यांच्या घरी सामुदायिक आरोग्य सेविका दर आठवड्याला तासभर जायच्या, टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन, आणि मुख्य म्हणजे मुलाशी कसं खेळायचं, बोलायचं हे आईलाच दाखवायच्या, दोन वर्षं. वीसेक वर्षांनी ह्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा साधारण २५ टक्के जास्त निघाली! मात्र त्या सेविकांना ट्रेनिंग होतं, वर देखरेख होती, पगार होता. वस्तीतल्या बायकांकडून हे काम फुकटात करून घेणं मला तरी अन्यायच वाटतो.